नाकासमोरचा कॅमेरा

“अगं, पण एका डोळ्यानं तू कसले फोटो काढणार आहेस?”

भांडण चहाच्या आधीपासून चालू होतं, पण ते इथवर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. वाक्य माझ्या नवऱ्याच्या तोंडून गेलं आणि त्यांचेच कान लाल झाले. आमची लेक ठकी मोबाइलवर कॅमेऱ्यांच्या किमती चाळत होती, तिचं बोट जागच्या जागी थांबलं. मी गाळणं हातात धरून तशीच उभी. त्या डोळ्याबद्दल घरात बोलायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता. पण न केलेले नियमच घरात जास्त कडक पाळले जातात.

वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हातातला कप टेबलावर ठेवला. आधी करंगळीने टेबलाची कड चाचपली, मग ठेवला.

“कॅमेऱ्याला तरी कुठे दोन असतात?” त्या म्हणाल्या.

मी गाळणं खाली ठेवलं.

“आणि तुम्हा लोकांना फोटो काढताना एक डोळा मिटून घ्यावा लागतो. माझा आयता मिटलेला आहे. तेवढेच कष्ट वाचले.”

ठकी फिस्सकन हसली. हे हसले नाहीत. “ताई, मी चेष्टा करत नाहीये.”

“मी तरी कुठे करते आहे?”

“फोटोच हवेत ना तुला? घरात तीन मोबाइल आहेत. ठकी काढून देईल.”

“ठकीनं काढले तर ते ठकीचे झाले.”

“आयुष्यभर नाकासमोर चाललीस, आणि आता या वयात हे काय खूळ!”

“नाकासमोर चालले म्हणून तर आजूबाजूचं बघायचं राहिलं,” वन्सं म्हणाल्या आणि कप उचलून उरलेला चहा एका घोटात संपवला. त्यांच्या दृष्टीने वाद संपला होता.

आता नाकाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. या घराण्याला नाक आहे. सासूबाई म्हणायच्या, आमच्याकडे सोनंनाणं नाही, जमीनजुमला नाही, नाक तेवढं आहे. लांब, सरळ, शेंड्याशी किंचित खाली झुकलेलं, दारातून माणसाच्या आधी आत येणारं. यांना ते आहे. वन्संना त्याहून जास्त आहे. ठकीला आलं नाही याबद्दल मी अजून आभार मानते, कुणाचे ते ठरलेलं नसलं तरी.

वडील अकाली गेले तेव्हा वन्सं शाळेतून उठल्या आणि शाळेचेच गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागल्या. काज करण्याच्या कामावर. शर्टाला बटण लावणं कुणालाही जमतं, पण बटण ज्या भोकातून जायचं ते भोक नेमक्या जागी पाडून त्याच्या कडा दोऱ्याने बांधून काढणं, हे काम वेगळं. साधी काजं मशीनवर होतात, जाड कोटाची हाताने करावी लागतात. वन्संची हाताची काजं इतकी एकसारखी असायची की मालकीणबाई नव्या मुलींना समोर बसवून दाखवायच्या. कारखान्यात त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नाही. त्या काजताई. फोनसुद्धा तसाच येतो, “काजताई आहेत का घरी?”

त्या काजांवर यांचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, नणंद म्हणजे घरात दुसरी सासू. पण आल्याच्या दुसऱ्या दिवशी वन्संनी माझ्या ब्लाउजचं तुटलेलं हुक मला न सांगता लावून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून आमचं भांडण असं कधी झालंच नाही. मला भांडायची खूप हौस होती, पण समोरच्याने साथ द्यायला हवी ना.

डोळ्याचं असं झालं. एका सकाळी कामावर त्यांना पांढऱ्या शर्टावर काळा दोरा दिसला. झटकला, जाईना. दुसरा शर्ट घेतला, त्यावरही दोरा. दिवसभर त्या दोरे झटकत राहिल्या आणि कटाई करणाऱ्या माणसाला नावं ठेवत राहिल्या की टेबल साफ करत नाही मेला. शाळा उघडायच्या आधीचा हंगाम, मान वर करायला फुरसत नाही. घरी आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मग एका दोऱ्याचा गुंता झाला, आणि एक दिवस बाजूने कुणीतरी पडदा ओढावा तसं उजव्या डोळ्यासमोर अंधारून आलं. तेव्हा कळलं की दोरा शर्टावर कधी नव्हताच.

डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ केलं. पण आतला पडदा सुटून बराच काळ गेला होता, उजवा डोळा वाचला नाही. मात्र तो तपासताना डाव्यातही एक बारीक चीर सापडली, आणि ती वेळेवर सापडली म्हणून बंद करता आली. नाहीतर दोन्ही गेले असते. वन्संनी या सगळ्यातून काय घ्यावं? “वहिनी, उजव्यानं स्वतः जाऊन डाव्याला वाचवलं बघ. थोरल्या भावंडानं करावं तसं.” हे शेजारीच उभे होते. ते खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बाहेर बघत राहिले. बाहेर नुसती पाण्याची टाकी होती.

एक डोळा गेला की किती अंतरावर काय आहे ते कळत नाही, हे आम्हाला घरात पाणी सांडायला लागल्यावर कळलं. वन्सं ग्लासात ओतायला जायच्या, पाणी ग्लासाच्या शेजारी. मग त्यांनी भांड्याचं तोंड ग्लासाच्या काठाला टेकवून ओतायची सवय लावून घेतली. पायरी आधी पायाने चाचपायची, कप ठेवायच्या आधी करंगळीने टेबल. महिन्या-दोन महिन्यांत घर कोरडं झालं. पण सुई! सुईत दोरा ओवायला त्या बसल्या की दोरा सुईच्या अलीकडून जायचा, नाहीतर पलीकडून. जिने हजारो काजं केली तिला सुईचं भोक सापडेना.

त्या पुन्हा कामावर गेल्या त्या पहिल्या दिवशी मी मनातून घाबरलेच होते. संध्याकाळी आल्या त्या हसत.

“अगं, माझ्या टाचण्यांच्या गादीवर ओवलेल्या सुया टोचून ठेवलेल्या होत्या. रांगेनं. पांढऱ्या वेगळ्या, निळ्या वेगळ्या.”

“कुणी ठेवल्या?”

“तेच तर! कॉलरवालीला विचारलं, ती म्हणे मी नाही बाई. इस्त्रीवाल्या मावशी म्हणे, मला कुठे वेळ आहे. बटणवाली तर उलट माझ्यावरच डाफरली की काजताई, सकाळी सकाळी चौकशा कसल्या करताय.”

तेव्हापासून आजतागायत रोज सकाळी त्या गादीवर ओवलेल्या सुया असतात. कोण ठेवतं ते कुणी कबूल करत नाही. वन्संनी लवकर जाऊन पाहिलं. त्या दिवशी सुया आदल्या संध्याकाळीच टोचलेल्या. एकीवर संशय येऊन तिला गुपचूप साबणाच्या वड्या दिल्या, तर तिने त्या सगळ्यांत वाटून टाकल्या. आभार मानायचे तर कुणाचे?

मग मालकीणबाईंनी गणवेशांचे फोटो काढायला एक फोटोवाली बोलावली. तिने वन्संना कौतुकाने कॅमेऱ्यातून बघू दिलं. वन्संनी डावा डोळा लावला आणि घरी येऊन जे सांगितलं ते मी विसरणार नाही.

“वहिनी, एरवी मला सारखं वाटतं की उजवीकडचं काहीतरी सुटलं. मान वळवून वळवून दुखते. पण त्या काजातून बघताना काही सुटलेलं नसतं. तिथे चार कडांच्या आतच बघायचं असतं. सगळ्यांनाच तेवढंच दिसतं. माझं काही कमी नव्हतं तिथे.”

कॅमेऱ्याला डोळा लावायची जी खिडकी असते तिला वन्सं पहिल्यापासून काजच म्हणाल्या. आणि त्याच दिवशी त्यांचं ठरलं. कारखान्यातल्या प्रत्येक बाईचा एक चांगला फोटो काढायचा, भिंतीवर लावण्याजोगा, आणि जिचा तिला द्यायचा. एकीचे आभार मानता येत नाहीत ना, मग सगळ्यांचे मानायचे. सुया ठेवणारी त्यात आपोआप येईल. त्यासाठी कॅमेरा हवा, आपल्याला परवडेल असा, शिकाऊ माणसाला झेपेल असा, आणि काज असलेला. मोबाइलला काज नसतं.

एवढी सगळी पार्श्वभूमी असलेलं ते भांडण होतं. यांचा विरोध पैशांना नव्हता, हे मला ठाऊक होतं. बहीण चारचौघींत कॅमेरा घेऊन उभी राहील, फोटो बिघडतील, कुणीतरी हसेल, याची त्यांना धास्ती. पण वन्संचा कप रिकामा झाला होता, तेव्हा पुढच्या सुट्टीला आम्ही सगळेच दुकानात गेलो. एका कॅमेऱ्यासाठी चार माणसं, जशी काही मुलगीच बघायला निघालो होतो.

दुकान नव्या-जुन्या दोन्ही कॅमेऱ्यांचं होतं. दुकानदार मध्यमवयीन, गळ्यात दोरीला चष्मा, बोलणं सावकाश. ठकीने मोबाइलवर जमवलेलं सगळं ज्ञान त्याच्यापुढे ओतलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हे सगळं ठीक आहे. आधी सांगा, फोटो कुणाचे काढायचेत?”

“बायकांचे,” वन्सं म्हणाल्या. “घरातल्या उजेडात. कामाच्या जागी.”

“झालं तर. मग फार लांबचं ओढून आणणारी भिंगं नकोत. पैसे वाचले तुमचे.” त्याने काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. दोन्ही वापरलेले. एक हलका, नवा दिसणारा, मागे मोठा काळा पडदा. दुसरा जाडजूड, कोपऱ्यांवर रंग उडालेला, अंगभर बटणं आणि चकत्या. “हा नवा बोट लावलं की ऐकतो. पडद्यावर जिथे बोट, तिथलं चित्र स्पष्ट. जुन्याला बोटबीट कळत नाही, सगळं बटणानं. स्वस्त आहे, पण जड आहे.” मग त्याने वन्संकडे पाहिलं. “डोळा कुठला लावणार तुम्ही?”

दुकानात आणखी एक जोडपं उभं होतं. त्यातली बाई वळून बघायला लागली.

“उजवा,” हे पटकन म्हणाले. “सगळ्यांचा असतो तसाच. उजवाच.”

वन्संनी भावाकडे पाहिलं. दुकानदाराने मान हलवली आणि बॅटरी आणायला आत गेला. यांना वाटलं, झाकली मूठ आपण झाकलेलीच ठेवली. दुकानदार आत असताना वन्संनी तो जुना कॅमेरा उचलून डोळ्याला लावला आणि त्याची एक चकती फिरवून पाहिली. कट कट आवाज झाला. “शिलाई मशीनच्या टाक्याच्या चकतीसारखी आहे गं,” त्या मला हळूच म्हणाल्या.

पण ठकी म्हणाली, “आत्या, तो काय कॅमेरा आहे की वरवंटा?” हे म्हणाले, “घ्यायचाच तर जरा बरा घे, ताई.” आणि मी म्हणाले की हलका असलेला बरा, मनगटं दुखतील. म्हणजे तिघांनीही आपापलं मत दिलं, कॅमेरा ज्यांचा होता त्यांनी सोडून. नवा घेतला. दुकानदार म्हणाला, नाही पटला तर महिन्याभरात बदलून देईन.

वन्सं कॅमेरा कारखान्यात घेऊन गेल्या तो दिवस त्यांच्या हिशेबी सणासारखाच होता. बायकांनी केस विंचरून ठेवले होते म्हणे. कॉलरवालीने तर जेवणाच्या सुट्टीत तोंड धुतलं. संध्याकाळी ठकीने ते फोटो मोठ्या पडद्यावर लावले आणि आम्ही सगळे ओळीने बसलो.

कॉलरवालीचा चेहरा धुरकट. तिच्या शेजारच्या कपाटाची कडी मात्र इतकी लख्ख की तिच्यावरचा गंज मोजावा. इस्त्रीवाल्या मावशी धुरकट, उजवीकडचं दोऱ्यांच्या रिळांचं फळकूट स्वच्छ. बटणवाली धुरकट, खिडकीचा गज स्वच्छ. एकापाठोपाठ एक. बाई कुठलीही असो, चेहरा दुधावरच्या सायीआड गेल्यासारखा.

“पहिल्यांदा असंच होतं,” ठकी म्हणाली.

“उजेड कमी असेल,” मी म्हणाले.

हे पंख्याचा वेग वाढवायला उठले, आणि ते सगळ्यांत वाईट. वन्संनी त्यांच्याकडे नाही, फोटोंकडेही नाही, आपल्या हातांकडे पाहिलं. “बायकांना सांगते की अजून धुऊन यायचेत,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले, तसेच. तिसऱ्या दिवशी घरी बाल्कनीतल्या कुंडीचा काढून पाहिला. कुंडीतलं फूल धुरकट, शेजारच्या नळाची तोटी झळझळीत. त्यानंतर त्यांनी कॅमेरा पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि विषय काढला नाही.

पण घरातल्या बाईपासून काही लपत नाही. वन्सं सकाळी औषधाची डबी हात लांब करून धरायच्या, वाचायच्या, एक पाऊल मागे जायच्या, पुन्हा वाचायच्या. समोरच्या इमारतीवरची पाटी पुटपुटत वाचायच्या, रोज तीच. पांढऱ्या चादरीवर काही दिसतंय का ते बघत उभ्या राहायच्या. एकदा मी विचारलं, “वन्सं, काय शोधताय?” तर म्हणाल्या, “दोरा.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना फोटोंची काळजीच नव्हती. त्या डाव्या डोळ्याची परीक्षा घेत होत्या. जे आपल्याला काजातून स्वच्छ दिसलं ते फोटोत धुरकट आलं, याचा अर्थ आपला डोळाच आता आपल्याशी खोटं बोलायला लागला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. उजव्यानेही असंच फसवलं होतं, आधी शर्टाला दोष, कटाईवाल्याला दोष.

“माझ्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात येशील का?” त्यांनी मला भांडी घासताना विचारलं. “त्याला सांगू नकोस. गुरुवारची वेळ घेतली आहे.”

“येते की. पण दिसतंय ना नीट?”

“दिसतंय. म्हणून तर भीती वाटते.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “मला अंधाराचं काही नाही गं वाटत. पण त्या सुया रोज ओवतात ना कुणीतरी, त्या वाया जातील.”

मी नळ मोठा केला. अशा वेळी नळ फार उपयोगी पडतो.

बुधवारी आवराआवर करताना कपाटातली पिशवी हाती लागली. मी कॅमेरा बाहेर काढला, धूळ पुसावी म्हणून. मागच्या पडद्यावर एक डाग होता. चिकट, तुपकट, वाटाण्याएवढा. मी फडक्याने पुसला. आणि पुसता पुसता माझ्या लक्षात आलं की हा डाग मी आधीही पुसलेला आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी. कुंडीच्या दिवशी. आणि दर वेळी तो याच जागी होता, पडद्याच्या उजव्या बाजूला, मध्याच्या जरा वर.

“ठकी, या पडद्याला बोट तू लावतेस का?”

“मी नाही लावलेलं. आणि बोटाचा डाग असा गोल येतो का, आई?”

खरंच नव्हता बोटाचा. पण डाग ओळखीचा वाटत होता. मी आयुष्यात पुष्कळ डाग पुसलेत. मला डाग लक्षात राहतात. ठकी लहान असताना बाबांची वाट बघत खिडकीशी उभी राहायची, तेव्हा काचेवर असाच डाग पडायचा. काचेला टेकलेल्या नाकाचा.

वन्सं कामावरून आल्या होत्या, पाय धुऊन नुकत्या टेकल्या होत्या. कापडाच्या धुळीने नाक कोरडं पडतं म्हणून त्या सकाळ-संध्याकाळ नाकाच्या शेंड्याला मलम लावतात. आताही डबी उघडीच होती. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

“वन्सं, जरा फोटो काढा.”

“कशाला? नको आता.”

“माझा काढा. बावीस भांडी घासून उभी आहे, असा अवतार पुन्हा मिळायचा नाही.”

नाइलाजाने त्यांनी कॅमेरा उचलला आणि डावा डोळा काजाला लावला. मी समोर उभी राहायचं सोडून बाजूला गेले आणि कडेने पाहिलं. डावा डोळा काजाला, आणि त्याच्या उजवीकडे घराण्याची सगळी इस्टेट पडद्यावर सपशेल आडवी झालेली.

“वन्सं, तुमचं नाक.”

“काय झालं नाकाला?”

“ते कॅमेऱ्यात खुपसलंय तुम्ही.”

ठकी धावत आली. तिने वन्संना तसंच धरून ठेवायला सांगितलं, काजातून काय दिसतं ते विचारलं. “एक पिवळी चौकट दिसते ना, आत्या? बारीकशी? कुठे आहे ती?”

“ती होय? ती उजवीकडे कडेला असते. मला वाटलं, कॅमेऱ्याची खूण आहे कंपनीची.”

“आता नाक जरा खाली घे बघू.”

“अगं बाई! ती पण खाली गेली!”

“वर घे.”

“वर आली!”

ठकी मटकन खाली बसली. पोट धरून हसताना तिच्या तोंडून शब्द फुटेना. “आत्या... चौकट जिथे असेल तिथलंच स्पष्ट येतं... बोटानं हलवायची असते ती... तू इतके दिवस नाकानं फोटो काढते आहेस!”

म्हणजे बाई समोर उभी, वन्सं तिचा चेहरा मन लावून बघतायत, आणि नाक आपलं परस्पर कॅमेऱ्याला सांगतंय, तो चेहरा राहू दे, त्या कपाटाची कडी बघ. जन्मभर ज्या नाकासमोर त्या सरळ चालल्या, त्याने पहिल्यांदा संधी मिळताच उजवीकडे वळण घेतलं होतं.

ठकीने खटाखट बटणं दाबून पडद्याचं बोट ऐकणं बंद करून टाकलं, चौकट मध्यावर आणली. वन्संनी माझा फोटो काढला. ठकीने तो मोठा करून दाखवला. माझ्या भुवईतला पांढरा केस दिसत होता. मिशीसुद्धा. इतका स्पष्ट फोटो माझा कुणी काढलेला नाही आणि पुन्हा काढू नये.

“दिसतंय,” वन्सं म्हणाल्या. “सगळं दिसतंय. जसं मला दिसलं तसंच आलंय.” त्या हसायला लागल्या आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. दोन्ही डोळ्यांना. दिसत नसलेला डोळाही त्यात मागे राहिला नाही. मग त्यांनी नाकाला हात लावून म्हटलं, “चांडाळा, डोळ्याचा जीव खाल्लास तू.”

हे तेवढ्यात ऑफिसातून आले. आम्हा तिघींना अशा अवस्थेत पाहून त्यांना वाटलं, कोण गेलं! ठकीने त्यांना सगळं सांगितलं, नाकाच्या प्रात्यक्षिकासह. ते हसले, आधी जोरात, मग कमी, मग थांबले. बूट न काढताच खुर्चीवर बसले.

“त्या दुकानदारानं विचारलं होतं,” ते म्हणाले. “डोळा कुठला लावणार म्हणून. डावा लावणाऱ्याचं नाक पडद्यावर येतं, त्याला हेच विचारायचं होतं. मी उजवा म्हणालो.”

“म्हणालास,” वन्सं म्हणाल्या.

“ती बाई बघत होती. मला वाटलं, उगाच तुला...”

“ठाऊक आहे मला. लहानपणी तुझी चड्डी फाटली की मी मागून दप्तर धरून चालायचे, तसं केलंस तू. पण बाळा, मला काही झाकायचं नव्हतं रे.”

यांना बाळा म्हटलेलं मी कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि कॅमेऱ्याचा पडदा पुसायला लागले. मी तो आधीच पुसलेला होता, पण बोलले नाही. पुरुषांना माफी मागायला काहीतरी हातात लागतं.

“म्हणजे तुला इतके दिवस वाटत होतं की...” त्यांनी डोळ्याकडे नुसती बोटाने खूण केली.

“हो. उद्या दवाखान्यात जाणारच आहोत मी आणि वहिनी. तपासून घेतलेलं बरं. पण आता हसत जाईन.”

“मीही येतो.”

“ये की. तिथे ये.”

जेवणं झाली. सगळ्यांच्या अंगातून काहीतरी उतरून गेल्यासारखं हलकं झालं होतं. ठकीने कॅमेरा पिशवीत भरला. हे समाधानाने म्हणाले, “चला, मिटलं एकदाचं. आता तो पडदा बंदच ठेवायचा, ताई. कॅमेरा झकास आहे. तोंडदेखलं म्हणत नाही, खरंच चांगला निवडला आपण.”

वन्सं ताटावरून उठल्या. हात धुतले, पुसले. कॅमेऱ्याची पिशवी ठकीकडून घेऊन आपल्या कामाच्या पिशवीशेजारी दाराशी ठेवली.

“हा मी बदलून आणणार आहे,” त्या म्हणाल्या. “तो जुना घेणार. त्याच्या चकत्या न बघता बोटांना कळतात. तो वरवंटा आहे, ठकी, पण तो माझ्या नाकाचं ऐकत नाही. वर स्वस्तही आहे. उरतील त्यात सगळ्या बायकांचे फोटो छापून होतील. पुढच्या रविवारी बाहेरची खोली मला लागेल, बायका इथे येणार आहेत, खिडकीचा उजेड चांगला आहे. पडदे काढून ठेवा.”

“बरं,” हे म्हणाले. “शनिवारी जाऊ दुकानात. मी सुट्टी घेतो.”

“शनिवारी मी जाणार आहे. एकटी. तो मला पुन्हा विचारेल, डोळा कुठला लावणार, आणि मी डावा सांगणार.”